बोल्ट : नाशिक परिसरातील प्रस्तरारोहण आणि सुरक्षा

कातळात छिद्र पाडून त्यात कायमचा बसवलेला पोलादी खुंट म्हणजे बोल्ट. त्याच्या बाहेरच्या टोकाला भोक असलेली वाकवलेली पट्टी, म्हणजे हँगर, नटाने आवळलेली असते. हँगरमध्ये कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या फाटकाची धातूची कडी, आणि कॅराबिनरमधून दोर जातो. आरोहक निसटला की त्याचा भार दोर, कॅराबिनर, हँगर, बोल्ट असा सरकत अखेर कातळावर येतो. बोल्ट किती जाड आहे, हे सगळे विचारतात. नाशिकच्या डोंगरांत त्याआधी विचारायचे ते हे, की तो कसल्या कातळात बसला आहे.

कातळ. त्र्यंबक रांग, सातमाळा आणि सेलबारी-डोलबारी या तिन्ही रांगा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांच्या आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग सहसा घट्ट, काळाभोर आणि बारीक पोताचा असतो. बोल्टसाठी तोच उत्तम. थराच्या माथ्याकडे मात्र वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या दिसतात आणि त्यांत पांढरट, हिरवट खनिजे भरलेली असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड जे स्फटिक डोळे दिपवतात, ते अशाच पोकळ्यांत वाढतात. बोल्टच्या छिद्रात तशी पोकळी लागली, तर बोल्टच्या आतल्या टोकाशी फाकून पकड घेणाऱ्या क्लिपला टेकायला जागाच उरत नाही. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबडा, मातकट पट्टा असतो. दुरून तो कड्यावर आडवी रेघ मारल्यासारखा दिसतो. या पट्ट्यात बोल्ट मारू नये आणि कोणी मारलेला असेल तर त्याला आधार समजू नये.

सुळक्यांचा कातळ आणखी वेगळा. मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या शेजारी उभी असलेली हडबीची शेंडी किंवा धोडपची खाच पडलेली भिंत पाहिली, की आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि टणक तेवढा राहिला, हे लक्षात येते. पण टणक दगडालाही उभ्या-आडव्या भेगा असतात. भेगांनी सुटा झालेला खांब वरून अखंड दिसतो. त्यात बसवलेला बोल्ट पक्का असतो, खांब पक्का नसतो.

म्हणून ड्रिल काढण्याआधी हातोडी काढावी. ठरवलेल्या जागेभोवती वीतभर अंतरात ठोकून पाहावे. खणखणीत, वर चढणारा आवाज आला तर दगड सलग आहे. घागरीवर टिचकी मारल्यासारखा घुमणारा किंवा बद्द आवाज आला, तर मागे पोकळी किंवा भेग आहे. तळवा दगडावर ठेवून दुसऱ्या हाताने ठोकले, तर सुटा दगड तळव्याखाली थरथरताना जाणवतो. कानापेक्षा ही खूण खात्रीची.

बसवणे. युरोपीय मानक ईएन ९५९ प्रमाणे आरोहणाच्या बोल्टने कड्याला समांतर ओढीत किमान २५ किलोन्यूटन आणि सरळ बाहेरच्या ओढीत १५ किलोन्यूटन भार सोसायला हवा. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचे वजन. हे आकडे चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेल्या बोल्टचे आहेत, बुडबुड्यांच्या दगडातले नव्हेत.

पसरणारा बोल्ट, म्हणजे नट आवळल्यावर क्लिप फाकून दगडाला धरणारा, घट्ट कातळासाठी योग्य. १० मिलिमीटर व्यास चालतो, १२ चांगला. जागा ठोकून सपाट करावी म्हणजे हँगर पूर्ण टेकेल. छिद्र पृष्ठभागाला काटकोनात आणि बोल्टच्या लांबीहून थोडे खोल पाडावे. मग ब्रश फिरवून, नळीने फुंकून आतली भुकटी काढावी, आणि भुकटी येणे थांबेपर्यंत हेच पुन्हा करावे. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि बोल्ट निसटण्याची सुरुवातही इथेच होते, कारण क्लिप दगडाऐवजी पिठावर घासते. बोल्ट ठोकताना नट टोकाशी बरोबर ठेवावा म्हणजे आटे चेपत नाहीत. शेवटी उत्पादकाने सांगितलेल्या पिळाइतकाच नट टॉर्क पान्याने आवळावा. हाताचा जोर दाखवण्याची ही जागा नाही. जास्त पिळलेला बोल्ट मानेत ताणला जातो आणि तो ताण बाहेरून दिसत नाही.

दोन बोल्टांत किमान वीतभर अंतर हवे, कड्याच्या काठापासून आणि भेगेपासूनही तेवढेच. जवळजवळ मारले तर भाराखाली दोघांभोवतीचा दगड एकच शंकू होऊन निघू शकतो. सच्छिद्र थरात रासायनिक चिकटद्रव्याने बसवलेला बोल्ट बरा, कारण तो दगडाला आतून फाकवत नाही. मात्र द्रव्य पोकळ्यांत झिरपते, त्यामुळे ते जास्त लागते. नळीतून आलेला पहिला, नीट न मिसळलेला भाग टाकून द्यावा. पूर्ण घट्ट होईपर्यंत त्या बोल्टला कोणी हात लावू नये. स्टेनलेस बोल्टवर साधा गॅल्व्हनाइज्ड हँगर बसवू नये. दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यातला एक झपाट्याने गंजतो.

जुना बोल्ट. सह्याद्रीत वेगवेगळ्या पिढ्यांचे बोल्ट एकाच मार्गावर सापडतात : हाताने ठोकून पाडलेल्या जेमतेम ३० मिलिमीटर छिद्रातले ८ मिलिमीटरचे, अँगलच्या तुकड्याला भोक पाडून घरीच केलेल्या हँगरचे, आणि नवे प्रमाणित. हाताने एक छिद्र पाडायला सहज अर्धा तास लागे. तेही दोराला लोंबकळत, एका हातात ड्रिल आणि दुसऱ्यात हातोडा. त्या मंडळींचे काम आदरानेच पाहावे. पण आदर म्हणजे भार टाकण्याची परवानगी नव्हे.

तपासणी डोळ्यांनी सुरू होते. बोल्टखाली कातळावर तांबूस ओघळ आहे का? इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पाऊस मुसळधार, त्यामुळे तिथले साधे पोलाद चांदवड-मनमाडकडच्या कोरड्या कड्यांपेक्षा लवकर गंजते. नटाबाहेर आटे किती आले आहेत? दोन-चार आटे ठीक. बोटभर बाहेर आले असतील तर बोल्ट पुरता आत गेलेला नाही किंवा हळूहळू बाहेर येतो आहे. हँगरच्या मुळाशी दगडाला केसासारखी गोल चीर दिसते का? दिसली तर शंकू सुटू लागला आहे.

मग हात लावावा. हँगर फिरत असेल तर आधी नट पाहावा. १० मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १७ नंबरचा पाना लागतो, १२ च्या बोल्टला १९ चा. नट आवळल्यावर हँगर थांबला तर उत्तम. नटाबरोबर बोल्टही गोल फिरला, तर आतली पकड गेलेली आहे. त्यावर दुसऱ्या कसल्याही खुणेने विश्वास ठेवू नये. वर-खाली, डावी-उजवीकडे ओढताना खुंट हलला तरी तेच. हातोडीने बोल्टच्या डोक्यावर घाव घालणे टाळावे, कारण त्याने चांगलाही बिघडतो.

घरगुती हँगरच्या भोकाची कड बोटाने चाचपावी. धारदार कडेत स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, थेट ओवली तर एका झटक्यात कापली जाते, म्हणून मध्ये कॅराबिनर हवाच. आणि कॅराबिनर असला तरी अशा हँगरची ताकद कुणालाच माहीत नसते. तो मोजणीत धरू नये.

पडण्याचा हिशेब. पडण्याची लांबी भागिले वापरात असलेला दोर, याला पतनगुणक म्हणतात. बिलेच्या, म्हणजे साथीदार दोर सांभाळतो त्या जागेपासून दोन मीटर वर गेलेला आरोहक मध्ये काहीच न अडकवता निसटला, तर चार मीटर पडतो आणि गुणक २ येतो. याहून वाईट धक्का नाही. त्यामुळे टप्पा सुरू केल्यावर पहिला बोल्ट लगेच हवा. सर्वांत वरच्या बोल्टवर आरोहकाचा आणि बिले देणाऱ्याचा असे दोन्ही बाजूंचे ताण एकत्र येतात. घर्षणामुळे ते दुप्पट होत नाहीत, तरी आरोहकाला बसलेल्या झटक्याच्या दीडपटीहून जास्त भरतात.

आघाडीच्या चढाईला ताणणारा, डायनॅमिक दोरच हवा. ईएन ८९२ प्रमाणे एकेरी दोराची चाचणी ८० किलोच्या वजनाने होते. धक्का १२ किलोन्यूटनपेक्षा वाढता कामा नये आणि दोराने किमान पाच पतने झेलली पाहिजेत. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, स्टॅटिक दोर दिसायला तसाच, पण तो ताण शोषत नाही.

अँकर, म्हणजे टप्प्याच्या टोकाला सगळा भार घेणारा आधार. किमान दोन बोल्ट, आणि दोन्हींवर भार वाटलेला. स्लिंगच्या दोन पायांतला कोन ६० अंशांपर्यंत ठेवावा. तेव्हा प्रत्येक बोल्टवर एकूण भाराचे ५८ टक्के येतात. ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन बोल्ट लावून काहीच कमावले नाही. एक बोल्ट निघाला तर दुसऱ्याला झटका बसू नये, म्हणून स्लिंगचे दोन्ही पाय एकत्र येतात त्या मास्टर पॉइंटला गाठ मारून टाकावी.

कॅराबिनरच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात. लांबीत किमान २० किलोन्यूटन, आडवा ७ आणि फाटक उघडे असताना ७. दगडाच्या उंचवट्यावर आडवा पडलेला किंवा फाटक टेकून उघडलेला कॅराबिनर त्यामुळे एक तृतीयांश ताकदीचा उरतो. क्विकड्रॉमध्ये, म्हणजे छोट्या पट्टीने जोडलेल्या दोन कॅराबिनरांत, दोर कड्याच्या बाजूने येऊन आरोहकाकडे बाहेर पडला पाहिजे. उलटा अडकवला तर पडताना दोर फाटकावर आपटून सुटू शकतो.

चढण्याआधी दोघांनी एकमेकांचे तपासावे : हार्नेसचे, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यांचे, बकल, आठची गाठ आणि तिची शेपटी, बिले उपकरणातला दोर, कॅराबिनरचा स्क्रू. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ. ती बांधायला पाच सेकंद लागतात, आणि आरोहकाला खाली सोडताना दोर उपकरणातून निसटून जाण्याचा अपघात ती एकटी टाळते.

उतरणे. माथ्यावर गुंडाळलेल्या जुन्या स्लिंग्जचा जुडगा नाशिकच्या बहुतेक सुळक्यांवर दिसतो. उन्हाने रंग उडालेली, हाताला कडक लागणारी पट्टी कितीही जाड असली तरी कापून काढावी आणि स्वतःची नवी बांधावी. दोर स्लिंगमधून किंवा हँगरमधून थेट ओवून रॅपल करू नये. ओढताना नायलॉनवर नायलॉन घासून वितळते आणि हँगर दोर कापतो. मध्ये रिंग किंवा स्क्रूने बंद होणारी कडी, म्हणजे मेलॉन, टाकावे. ६ मिलिमीटरच्या दोरीची प्रुसिक गाठ, म्हणजे भार येताच दोराला आवळून धरणारी गाठ, उतरण्याच्या उपकरणाखाली लावावी. अलंग आणि मदनच्या कातळटप्प्यांवर सुट्टीच्या दिवशी एकामागून एक गट त्याच बोल्टांवरून जातात. तिथे आधीचा गट गेला ही बोल्ट चांगला असल्याची खूण नव्हे. प्रत्येक गटाच्या म्होरक्याने नट स्वतः पाहावेत.

ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात कातळावर शेवाळे असते. वरून दगड कधीही येऊ शकतात, म्हणून शिरस्त्राण कोरड्या दिवसांतही उतरवू नये. आग्या मोहोळ हा मोठा धोका. ड्रिलचा आवाज, धूर किंवा अत्तराचा वास यांनी माश्या उठतात आणि दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही. मोहोळ दिसल्यास तो मार्ग सोडावा. अंजनेरीसारख्या कड्यांवर गिधाडांची घरटी याच थंडीच्या महिन्यांत असतात. त्या कपारींजवळ चढाई किंवा ड्रिल नको. पांडवलेणीसारख्या संरक्षित स्मारकांच्या दगडाला छिद्र पाडता येत नाही, आणि वनहद्दीत आधी वनविभागाची परवानगी लागते.

बदलणे. निकामी बोल्टशेजारी नवा मारून जुना तसाच ठेवला, तर पुढचा आरोहक घाईत चुकीच्यात कॅराबिनर अडकवतो. जुना पूर्ण काढावा. निघत नसेल तर हँगर काढून खुंट कातळाबरोबर कापावा आणि छिद्र चिकटद्रव्यात त्याच दगडाची भुकटी कालवून बुजवावे. नव्या बोल्टचा व्यास, लांबी, धातू, बसवल्याचा महिना आणि मार्गावरचा क्रमांक लिहून ठेवून तो भागात चढणाऱ्या संस्थांना कळवावा. पुढे बोल्ट कधी बदलायचा, हे त्याच नोंदीवरून ठरते.