मधला स्पीकर हरवला होता तेव्हा…

२००७ च्या दिवाळीत आमच्या इंदिरानगरच्या घरी व्हीसीडी प्लेअर जाऊन डीव्हीडी प्लेअर आला. जुन्या टेपडेकच्या अ‍ॅम्प्लिफायरला लाल-पांढरी वायर जोडली, दोन स्पीकर तेच ठेवले आणि सिनेमा लावला. गाणी झकास, पावसाचा आवाज झकास, पण माणसं बोलायला लागली की कुणी शेजारच्या खोलीतून पुटपुटतंय असं वाटायचं. आप्पा म्हणाले, "नवीन आणलंस खरं, पण कोण काय बोलतंय तेच कळेना." दोन दिवस मी वायरी उलटसुलट केल्या. शेवटी प्लेअरच्या मेन्यूत 'डाउनमिक्स' नावाची ओळ सापडली आणि तिच्यापुढे 'ऑफ' लिहिलेलं होतं. ते 'स्टिरिओ' केलं आणि संवाद परत आले.

डिस्कवर आवाजाच्या सहा वाटा, म्हणजे चॅनेल, होत्या. पात्रांचं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या वाटेवर होतं, आणि माझ्या घरी मधला स्पीकरच नव्हता. डाउनमिक्स, म्हणजे सगळ्या वाटा दोन स्पीकरांत मिसळणं, बंद असल्यामुळे ती वाट कुठेच पोचत नव्हती. हा मधला स्पीकर सिनेमात कसा आला, घरातून कसा गेला आणि परत कसा आला, हे कळलं की प्लेअरच्या मागची वायरी खुपसायची भोकं आणि मेन्यूतल्या ओळी आपोआप उलगडतात.

नाशिककरांना सिनेमा सांगायला नको. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे सिनेमे मुके होते. १९१८ मध्ये इथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली तेव्हाही पडदा बोलत नव्हता. १९३१ साली 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा', आणि फाळक्यांनी स्वतः 'गंगावतरण' हा एकच बोलपट १९३७ मध्ये केला. चित्र बोलू लागल्यावर पहिला प्रश्न होता स्पीकर ठेवायचा कुठे. उत्तर निघालं पडद्याच्या मागे. पडद्याला बारीक भोकं पाडली, म्हणजे आवाज नटाच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. बोलणं मधोमध हा नियम तिथून पक्का झाला.

१९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या लोकांनी फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तोही डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाटांनी. मोठ्या सभागृहात दोनच स्पीकर ठेवले तर कडेला बसलेल्या माणसाला सगळं एकाच बाजूने ऐकू येतं. मधला स्पीकर आवाज धरून ठेवतो. मग घरात दोनच का आले? तबकडीमुळे. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आली. तिच्या खाचेला भिंती दोन, म्हणून वाटाही दोन. १९८२ ची सीडी तांत्रिकदृष्ट्या कितीही पुढची असली, तरी सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या त्या चकतीनेही दोनच वाटांची सवय पुढे चालवली. गाण्यांना त्यात काही कमी पडत नाही. सिनेमाला पडतं.

सिनेमावाल्यांनी १९७० च्या दशकात यावर जी युक्ती केली ती मला आजही थक्क करते. डॉल्बी स्टिरिओमध्ये फिल्मच्या कडेला दोनच पट्ट्या असत, पण त्यांत चार वाटा गुंडाळलेल्या. बोलणं दोन्ही पट्ट्यांत सारखंच घालायचं. मागच्या स्पीकरचा आवाज दोन्हींत घालायचा, पण एकीत उलटा करून. थिएटरातलं यंत्र दोन्ही पट्ट्या ताडून पाहतं, सारखं ते मध्ये, उलटं ते मागे. हा गुंडाळलेला आवाज स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर तसाच उतरत असे. म्हणून १९८२ मध्ये तो उलगडणारी घरगुती यंत्रं आली, पण ती फक्त मागचा आवाज काढत. मधला स्पीकर घरी परतला तो १९८७ च्या प्रोलॉजिकमुळे, म्हणजे मधली वाटही वेगळी काढणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीमुळे. मेन्यूत डाउनमिक्सपुढे 'एलटी/आरटी' असा पर्याय दिसतो तो याच गुंडाळणीचा अवशेष. जुना प्रोलॉजिकवाला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हा पर्याय निवडावा, साधे दोन स्पीकर असतील तर 'स्टिरिओ'.

आवाज उलटा होण्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली होती. बास गेला, आणि गायिका दोन स्पीकरच्या मध्ये न येता खोलीभर पसरली. महिनाभर मी दोष सीडीला देत होतो.

९० च्या दशकात वाटा खरोखरच वेगळ्या झाल्या. १९९२ पासून डॉल्बी डिजिटल, फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत छापलेलं. १९९३ पासून डीटीएस ही दुसरी पद्धत, ज्यात फिल्मवर फक्त वेळेची खूण असे आणि आवाज प्रोजेक्शनच्या खोलीतल्या सीडी-रॉमवरून वाजे. थिएटरात आपण डिस्क प्लेअरच ऐकत होतो! डीव्हीडीने हे सगळं घरी आणलं. त्यावर डॉल्बी डिजिटलला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट मिळतात, तेही सहा वाटांत. सीडीला दोन वाटांसाठी १,४११ मिळतात. म्हणून गाणी ऐकायची असतील तर मी अजून सीडीच काढतो.

या सहा वाटांच्या मांडणीला ५.१ म्हणतात. त्यातला '.१' म्हणजे फक्त खर्जाची वाट, साधारण १२० हर्ट्झपर्यंतची. नाशिक ढोल ज्याने मिरवणुकीत ऐकलाय त्याला हे समजावावं लागत नाही. पथक कुठल्या गल्लीतून येतंय ते कळतं ताशामुळे, ढोल नुसता छातीत भरतो. खोल आवाजाची दिशा कानाला नीट लागत नाही, म्हणून सबवूफर एकच पुरतो आणि तो कोपऱ्याकडे सरकवला तरी चालतो. फार कोपऱ्यात घातला तर मात्र घुमतो. सेटिंगमध्ये छोट्या स्पीकरांना 'स्मॉल' म्हणून ८० हर्ट्झच्या आसपास तोडावं, खालचं ओझं सबवूफरकडे जाऊ द्यावं.

ब्लू-रे २००६ चा. त्यावरचे ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे काटछाट न केलेले आवाज जुन्या ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल वायरीतून जातच नाहीत, त्यांना एचडीएमआय लागते. ऑप्टिकल लावून 'ब्लू-रे आणि डीव्हीडीत फरक काय' म्हणणारे मी बरेच पाहिलेत. प्लेअरवर 'बिटस्ट्रीम' ठेवलं तर उलगडण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो, 'पीसीएम' ठेवलं तर प्लेअर. एकाला ते जमत असलं की पुरे.

खोलीचं काय? आमच्या हॉलला सगळीकडे फरशी, समोर काचेचं शोकेस. बोललेला शब्द दोनदा ऐकू यायचा. सतरंजी टाकली, जाड पडदा लावला, एवढ्यावरही पुष्कळ फरक पडला. पुढे पाच स्पीकरांचा सेट आणला तेव्हा मधला स्पीकर शोकेसच्या आत ढकललेला होता. तो फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली खोडरबराचा तुकडा घालून तोंड सोफ्याकडे वर केलं, अंतराच्या मेन्यूत फुटपट्टीने मोजलेला आकडा भरला, कारण दर मीटरला आवाज सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. मग त्या एकट्याची पातळी दोन डेसिबलने वाढवली. आप्पांनी सिनेमा लावला, रिमोट उचलला आणि आवाज चार घरं खाली आणला.