स्लोव्हेनियाचं जंगल: झाडं भरपूर, पण कुठली आणि कुठे?

जमिनीचा किती टक्के भाग जंगलाखाली आहे, या हिशेबात युरोपीय संघात फिनलंड आणि स्वीडननंतर स्लोव्हेनियाचं नाव येतं. ऑस्ट्रिया, इटली, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या बेचक्यात बसलेला हा देश. क्षेत्रफळ जेमतेम 20 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास, आणि 58 टक्के जमिनीवर जंगल. 1875च्या सुमारास हे प्रमाण 36 टक्के होतं. मधल्या काळात रेल्वे आली, कारखाने आले, दोन महायुद्धं झाली, समाजवादी राजवट येऊन गेली आणि तरीही जंगल वाढलं.

आकडा खरा आहे. पण नुसत्या टक्केवारीवरून जंगलाची प्रकृती कळते असं मला वाटत नाही. तीनशे वर्षांच्या बीच वृक्षांचं रान आणि सोडून दिलेल्या कुरणावर माजलेली पंचवीस वर्षांची झाडी, दोन्ही त्या 58 टक्क्यांत सारखीच मोजली जातात. 2014 पासून या जंगलावर एकामागून एक संकटं आली. त्यांत काय मोडलं, काय टिकलं आणि का, हे पाहिलं तर बरंच जास्त समजतं.

सुरुवात झाली पावसाने. 2014च्या जानेवारीच्या अखेरीस एड्रियाटिक समुद्रावरून उबदार, दमट हवा देशाच्या आतल्या भागात शिरली. खोऱ्यांमध्ये आधीपासून थंड, जड हवा साचलेली होती, तिच्यावर ही उबदार हवा पसरली. वरून पडणारं हिम मधल्या उबदार थरात वितळून पाणी झालं. खालचा थंड थर इतका पातळ होता की थेंबांना पुन्हा गोठायला सवड मिळाली नाही. शून्याखाली तापमान, पण अजून पाणीच, अशा अवस्थेत ते जमिनीपर्यंत पोहोचले. असा थेंब कशाला टेकला की क्षणात बर्फ होतो. फांद्या, विजेच्या तारा, रेल्वेच्या तारा, सगळ्यांवर बर्फाचं वेष्टण चढत गेलं, आणि हे बरेच दिवस चाललं. पोस्तॉयनाच्या परिसरातून जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावरच्या विजेच्या तारा आणि खांब कोसळले. पुढे कितीतरी महिने तिथे डिझेल इंजिनांवर भागवावं लागलं.

जंगलाचा हिशेब यापेक्षा मोठा होता. देशातल्या जवळपास निम्म्या वनक्षेत्राला झळ पोहोचली आणि 90 लाख घनमीटरहून जास्त लाकूड मोडून किंवा उन्मळून पडलं. देशात त्याआधी वर्षाला सुमारे 40 लाख घनमीटर तोड होत असे. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळाची तोड दहाबारा दिवसांत झाली, तीही कोणी न निवडता.

मोडलेल्या झाडांत पानझडी झाडं जास्त होती, मुख्यतः बीच. पण खरी डोकेदुखी ठरली ती स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची. बीचचं मोडलेलं खोड जमिनीवर पडून राहिलं तर कुजतं, त्यावर बुरशी येते, लाकडाची किंमत जाते, आणि नुकसान साधारण तिथेच थांबतं. स्प्रूस पडलं की मात्र साल पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला आमंत्रण मिळतं. हा भुंगेरा लांबीला अर्धा सेंटिमीटर, रंगाने तपकिरी-काळा. धडधाकट स्प्रूसच्या वाटेला तो सहसा जात नाही, कारण सालीला भोक पडलं की झाड तिथे डिंकासारखी चिकट राळ सोडतं आणि भुंगेरा त्यातच अडकून मरतो. पडलेल्या किंवा तहानलेल्या झाडाकडे एवढी राळच नसते.

मग नर सालीत शिरून एक छोटी खोली कोरतो आणि गंध सोडतो. त्या गंधावर माद्या येतात, आणखी नरही येतात. माद्या सालीखाली खोडाच्या उभ्या दिशेने बोगदे खणत अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या आडव्या दिशेला खात सुटतात. त्यांचं खाणं म्हणजे झाडाची रसवाहिनी, पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा थर. हा थर सगळीकडून तुटला की मुळं उपाशी मरतात. शिवाय भुंगेऱ्याच्या अंगाबरोबर आलेली बुरशी लाकूड निळसर करते आणि पाण्याचा मार्गही अडवते. वरून पाहणाऱ्याला झाड हिरवं दिसत असतं तेव्हाच त्याचा निकाल लागलेला असतो. सुया तांबूस होईपर्यंत नवी पिढी बऱ्याचदा बाहेर पडून पुढच्या झाडात घुसलेली असते.

तपमानाचा संबंध इथे येतो. अंड्यापासून प्रौढ भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास उन्हाळ्यात दोनेक महिन्यांत होतो, ऊब जास्त असेल तर त्याहून लवकर. उंच, थंड डोंगरावर वर्षाला एखादीच पिढी निघते. सखल भागात दोन, आणि उन्हाळा लांबला तर तिसरीही. आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या कितीतरी पट असू शकते. 2015चा उन्हाळा उष्ण होता, जंगलात 2014ची पडझड अजून पुरती उचललेली नव्हती. 2016मध्ये केवळ भुंगेऱ्यांमुळे तोडावं लागलेलं लाकूड 20 लाख घनमीटरच्या घरात गेलं. 2017च्या डिसेंबरात वादळी वाऱ्याने आणखी झाडं आडवी केली आणि भुंगेऱ्यांची बेगमी झाली.

उपाय ऐकायला सोपे आहेत. आपल्याकडच्या कापूस उत्पादकांना बोंडअळीसाठीचे कामगंध सापळे ठाऊक आहेत, तसलेच सापळे तिथे भुंगेऱ्यांसाठी लावतात. पण सापळ्यांनी साथ आटोक्यात येत नाही, ते फार तर संख्येचा अंदाज देतात. खरा उपाय एकच: लागण झालेलं झाड ओळखायचं, भुंगेरे बाहेर पडण्याआधी तोडायचं आणि जंगलाबाहेर न्यायचं, नाहीतर जागीच साल काढायची. यात आठवड्यांचा हिशेब असतो, आणि तिथेच घोडं अडतं. स्लोव्हेनियातलं तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल खासगी मालकीचं आहे. सहमालक धरून मालकांची संख्या 4 लाखांच्या वर जाते, म्हणजे दर पाच नागरिकांमागे साधारण एक. वारसाहक्काने तुकडे पडत पडत सरासरी मालकी दोन-तीन हेक्टरांवर आली आहे. मालक राजधानी ल्युब्लियानात नोकरी करतो, करवत चालवता येत नाही, आजोबांच्या जंगलाची हद्द कुठली हेही नक्की ठाऊक नाही. त्याला सरकारी वनसेवेचा आदेश जातो की अमुक झाडं अमुक तारखेपर्यंत तोडा. भुंगेरा अर्थातच आदेशाची मुदत पाहून उडत नाही.

एवढं स्प्रूस आलं कुठून, हा प्रश्न इथे विचारायला हवा. 2014च्या आधी देशातल्या लाकडाच्या एकूण साठ्यात स्प्रूसचा वाटा जवळपास एक तृतीयांश होता, बीचच्या तोडीस तोड. त्यातलं काही स्प्रूस मूळचंच तिथलं आहे, आल्प्सच्या उंच उतारांवरचं. बाकीचं माणसाने आणलं. इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीला पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून लाकूड लागत होतं, बोगद्यांच्या टेकूंना आणि भट्ट्यांना. तिथल्या डोंगरांतले ओढे दगडी बांधांनी अडवत, मागे ओंडके साचवत आणि एकदम पाणी सोडून ते खाली खाणीपर्यंत वाहून नेत. अठराव्या शतकात बांधलेले ते प्रचंड बांध अजून उभे आहेत. ब्लेड गावाजवळच्या पोक्लुका पठारावरचं बीच आणि फर (हेही सूचिपर्णी झाड) असंच लोखंडाच्या भट्ट्यांसाठी लोणारी कोळसा होऊन गेलं. मोकळ्या झालेल्या जागी स्प्रूस आलं, कारण ते सरळ वाढतं, लवकर वाढतं आणि त्याला भाव मिळतो. एकोणिसाव्या शतकातलं मध्य युरोपातलं वनशास्त्रही हेच शिकवत होतं: पट्टा साफ करा, ओळीने स्प्रूस लावा, ऐंशी-शंभर वर्षांनी पुन्हा साफ करा. उथळ मुळांचं, गारव्याला आणि ओलाव्याला सरावलेलं हे झाड त्यामुळे सखल, उबदार भागांतही उतरलं. भुंगेऱ्यांनी नंतर ज्या जागा शोधून काढल्या त्यांतल्या कितीतरी या अशाच.

त्याच काळात दुसरा विचार मांडणारा माणूसही तिथेच काम करत होता. देशाच्या दक्षिणेला कोचेव्ये भागात आउअर्सपेर्ग घराण्याची मोठी जंगलं होती. त्यांचा वनाधिकारी लेओपोल्ड हुफनागेल याने 1892च्या आपल्या कार्य आयोजनेत सरसकट तोडीऐवजी निवडक तोड सुचवली: इथलं एक मोठं झाड, तिथलं एक रोगट झाड, आणि पडलेल्या कवडशात आपोआप उगवेल ते वाढू द्यायचं. शिवाय कधीच कुऱ्हाड न लागलेले काही तुकडे त्याने तसेच ठेवायला सांगितले. त्यातलं जंगल आजही अस्पर्श आहे, आणि निसर्ग स्वतःहून काय करतो ते पाहायला जगभरचे वनशास्त्रज्ञ तिथे येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1940च्या दशकाच्या अखेरीस, सरसकट तोडीवर देशभर बंदीच आली. आजही खासगी मालकाला झाड तोडायचं असलं तर वनसेवेचा माणूस येऊन, शक्यतो मालकाच्या बरोबर फिरून, कुठली झाडं जायची त्यांच्या खोडावर खूण करतो. समाजवादी राजवट गेली, जमिनी जुन्या मालकांना परत मिळाल्या, पण 1993च्या वनकायद्याने ही पद्धत कायम ठेवली. मला स्लोव्हेनियाच्या 58 टक्क्यांपेक्षा ही खोडावरची खूण जास्त मोलाची वाटते. या काळात हेक्टरी लाकडाचा साठा दुपटीहून जास्त वाढला, आणि तोही दर वर्षी लाकूड काढत असताना.

पण वाढ म्हणजे सगळीकडे चांगलंच, असंही नाही. इटलीच्या सीमेवर चुनखडीचं क्रास पठार आहे. शतकानुशतकांची तोड आणि शेळ्यामेंढ्यांची चराई यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळजवळ उघडाबोडका दगड झालं होतं. जी माती उरली होती ती तिथला सोसाट्याचा ईशान्य वारा उडवून नेत होता. तिथे पुन्हा झाडं लावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत योसिप रेसेल हा वनाधिकारी होता. जहाजाच्या स्क्रू पंख्यावरच्या संशोधनासाठी जग त्याला ओळखतं, पण त्याचं पोट जंगलखात्याच्या नोकरीवर चालत होतं. 1859मध्ये योसिप कोलरने त्रिएस्तेजवळ काळ्या पाइनची लागवड यशस्वी करून दाखवली. चुनखडी आणि दुष्काळ दोन्ही सोसणारं हे झाड तिथे जगलं, आणि पुढच्या दशकांत पठार हिरवं झालं. पुढे गावं रिकामी होत गेली, चराई थांबली, कुरणांवरही झाडी चढली.

2022च्या जुलैत, अतिशय कोरड्या उन्हाळ्यात, याच पठारावर वणवा पेटला. पाइनच्या राळेने आणि खाली साचलेल्या सुयांच्या थराने त्याला भरपूर सरपण दिलं. स्लोव्हेनियाच्या बाजूला साडेतीन हजार हेक्टरांहून जास्त क्षेत्र जळालं. स्वतंत्र स्लोव्हेनियाने इतका मोठा वणवा पाहिला नव्हता. आग विझवणं आणखी एका कारणाने अवघड झालं. पहिल्या महायुद्धात सोचा नदीच्या आघाडीवर, 1915 ते 1917 या काळात, इथे बारा लढाया झाल्या. तेव्हाचे न फुटलेले तोफगोळे अजून जमिनीत आहेत, आणि आच लागताच ते फुटू लागले. अग्निशामक दलांना कित्येक जागी आत शिरताच येईना. काळा पाइन हा तिथे पहिला पाहुणा म्हणून आणलेला होता. त्याच्या सावलीत ओकसारखी स्थानिक पानझडी झाडं उभी राहिली की त्याचं काम संपलं, असा मूळ हिशेब. बऱ्याच जागी तसं झालंही. जिथे झालं नाही तिथे पाइनची दाट रानं तशीच राहिली, आणि ती जमिनीला मारक नसली तरी ठिणगीला फार सोयीची असतात.

जंगलाची तब्येत एरवी, संकट नसताना, कशी तपासतात? 1980च्या दशकात आम्लवर्षेने जंगलं मरत असल्याची भीती युरोपभर पसरली तेव्हापासून एक पद्धत रूढ आहे. नकाशावर 16 किलोमीटरच्या चौकटी आखायच्या, जिथे जंगल येईल तिथली ठरलेली झाडं दर उन्हाळ्यात दुर्बिणीतून पाहायची, आणि निरोगी झाडाच्या मानाने शेंड्यातली किती पानं कमी आहेत ते पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने नोंदवायचं. 25 टक्क्यांच्या वर गेलं की झाड ‘बाधित’. स्लोव्हेनियात ही नोंद तिथली वनसंशोधन संस्था ठेवते. पद्धत डोळ्यांच्या अंदाजावर चालते, म्हणून नाकं मुरडणारे आहेत. तरी वर्षानुवर्षं त्याच झाडांकडे पाहत राहिल्यामुळे कल कळतो, आणि बाधित झाडांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलेलं आहे. ॲश या पानझडी झाडाची अवस्था वाईट आहे. आशियातून आलेली एक बुरशी 2006मध्ये स्लोव्हेनियात पोहोचली आणि ॲशचे शेंडे वाळू लागले. या झाडाशी इथल्या माणसाचं नातं जुनं: ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत 2002मध्ये पाच हजार वर्षांहून जुनं लाकडी चाक सापडलं, आसासकट. ते ॲशचंच आहे, आस ओकचा.

मोकळ्या झालेल्या जागी आता काय येणार, यावर सगळी भिस्त आहे. स्लोव्हेनियात लागवड थोडी होते, बहुतेक भार आपोआप उगवणाऱ्या रोपांवर असतो. बीच सहज येतं. सखल भागात स्प्रूसच्या जागी ते येणं चांगलंच, मात्र लागोपाठचे दुष्काळ त्यालाही मानवत नाहीत. फरची मुळं खोल जातात, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्याचा भरवसा स्प्रूसपेक्षा जास्त. पण फरचं रोप सावलीत फार सावकाश वाढतं आणि हरणांना ते फार आवडतं. कोचेव्येच्या अस्पर्श जंगलातही जुनी फर झाडं आहेत, कोवळी क्वचितच. कुऱ्हाड न लावल्याने जंगल आपोआप मूळपदावर येतं, ही समजूत तिथे तरी टिकत नाही.

कोचेव्येतली शेकडो वर्षं जुनी जर्मनभाषक वस्ती 1941-42च्या हिवाळ्यात हलवली गेली, गावं ओस पडली, शेतांवर झाडी आली, आणि हरणांना चरायला नि लपायला दोन्हीची सोय झाली. अस्वलं या भागात भरपूर आहेत, देशभरात मिळून हजाराच्या आसपास, पण हरणांवर मुख्य भिस्त असलेला एक शिकारी म्हणजे लिंक्स, मांजराच्या कुळातला. तो इथून नाहीसा झाला होता. 1973मध्ये स्लोव्हाकियातून सहा आणून सोडले, त्यांची संतती नात्यातल्या नात्यात वाढून दुबळी झाली, आणि गेल्या काही वर्षांत रोमानिया आणि स्लोव्हाकियातून नवे आणावे लागले. थोड्याशा लिंक्सना सगळी हरणं आवरत नाहीत. म्हणून वनसेवा ठरावीक जागी किती रोपांचे शेंडे कुरतडलेत ते मोजते, आणि त्या मोजणीवरून पुढच्या हंगामात किती हरणं मारायची ते ठरतं.