सांताक्रूझचा फुगा आणि इन्सॅटचा डोळा

जगभरातली हवामान केंद्रे ठरलेल्या दोन वेळांच्या नोंदीसाठी फुगे सोडतात. आपल्या घड्याळात त्या वेळा पहाटेच्या आणि संध्याकाळच्या साडेपाचच्या. मुंबईत हा फुगा सांताक्रूझहून सुटतो. त्याला लटकलेली रेडिओसाँड ही छोटीशी डबी मिनिटाला सुमारे ३०० मीटर चढत तापमान आणि आर्द्रता रेडिओवरून कळवत जाते. वर दाब कमी होतो तसा फुगा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो.

त्याच हवेकडे ३६,००० किलोमीटरवरून इन्सॅट-३डीएस पाहत असतो. २०२४च्या फेब्रुवारीत सोडलेल्या या उपग्रहावर १९ पट्ट्यांचा साउंडर आहे, म्हणजे वेगवेगळ्या उंचींवरच्या हवेचे तापमान आणि आर्द्रता काढण्यासाठी तरंगलांबींच्या १९ पट्ट्यांत किरण टिपणारे उपकरण. पण साउंडर तापमान मोजतच नाही. तो टिपतो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. कार्बन डायऑक्साइड काही तरंगलांबींचे किरण जास्त शोषतो, काहींचे कमी. त्यामुळे एका पट्टीत वरच्या थरांची ऊब दिसते, दुसरीत खालच्या. या मोजक्या आकड्यांवरून सगळ्या उंचींचे तापमान गणिताने काढायचे, आणि अडचण अशी की वेगवेगळ्या उत्तरांतूनही जवळजवळ तेच किरण निघू शकतात. म्हणून फुग्याशी पडताळा घ्यावाच लागतो.

मात्र दोन आकडे जुळले नाहीत की उपग्रह चुकला, असे लगेच म्हणणे मला अन्यायाचे वाटते. साउंडरचा एक ठिपका सुमारे १० किलोमीटरचा, तर फुगा मोजतो ती एकच वाट. तीही सरळ नसते. जुलैत मुंबईचा फुगा आधी पश्चिमेच्या वाऱ्याने सह्याद्रीकडे सरकतो आणि उंचावर पूर्वेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यात सापडून समुद्राकडे वळतो. तासाभरात तो कुठल्या कुठे गेलेला असतो! शिवाय दिवसा उन्हाने आर्द्रतेचा संवेदक तापला, तर हवा आहे त्यापेक्षा कोरडी दिसते. म्हणून ठिकाण आणि वेळ जवळची असलेल्या नोंदींच्याच जोड्या लावतात, फुग्याच्या आकड्यांतही उन्हाची दुरुस्ती करतात, आणि त्याची बारीक नोंद उपग्रहाला दिसते तितकी ढोबळ करून मगच वजाबाकी करतात.

ढगांपुढे मात्र हा उपाय चालत नाही. अवरक्त किरण दाट ढगांतून आरपार येत नाहीत, त्यामुळे जोड्या बहुतांशी निरभ्र आकाशाच्याच मिळतात. भर पावसात, ढगांच्या पोटात काय चालले आहे हे त्या फुग्यालाच विचारावे लागते.