लाल टोकाची सवय

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात सकाळी उभं राहिलं, की थोड्याथोड्या वेळानं एकच मागणी कानावर येते. "टू पॉइंट फोर लाल द्या." दुकानदार २.४ मिलिमीटर जाडीच्या दहा काड्यांची चपटी डबी पुढे सरकवतो. मिस्त्री काडीच्या टोकाचा लाल रंग बघतात, पैसे देतात आणि निघतात. आपल्याकडे सगळे ज्याला 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात, त्या टिग वेल्डिंगमधली ही टंगस्टनची काडी. तिच्या टोकाला लालच रंग का, हे मी पहिली पाच-सहा वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. आमचं काम दुधाच्या टाक्यांचं, पातळ स्टेनलेस स्टीलचं. उस्तादांनी लाल वापरली म्हणून आम्ही लाल वापरली. पुढे शोध घेतला तेव्हा माग थेट जुन्या विजेच्या दिव्यापर्यंत गेला.

आधी ही काडी करते काय, ते पाहू. साध्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतः वितळतो आणि सांध्यात भरतो. टिगमध्ये टंगस्टन वितळायचं नसतं. त्यानं फक्त आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, धरून ठेवायची. भर घालायची तर दुसऱ्या हातात वेगळी फिलर वायर असते. टंगस्टन वितळतं ३४२२ अंश सेल्सिअसला, धातूंमध्ये सगळ्यात शेवटी. म्हणून हे काम त्याच्याकडे आलं. पण नुसती उष्णता सोसणं पुरत नाही. आर्क म्हणजे काडीच्या टोकातून बाहेर पडून जॉबकडे, म्हणजे जोडायच्या तुकड्याकडे, धावणारे इलेक्ट्रॉन, आणि ते सहजासहजी धातू सोडत नाहीत.

एक विहीर डोळ्यांसमोर आणा. पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन, काठ म्हणजे धातूचा पृष्ठभाग. शुद्ध टंगस्टनमध्ये पाणी काठापासून ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल आहे. तेवढी ऊर्जा दिल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. ती ऊर्जा उष्णतेतून मिळते, म्हणून टोक पांढरंशुभ्र तापावं लागतं. टंगस्टनमध्ये थोरियम या धातूचं ऑक्साइड मिसळलं (लाल टोकाची काडी ती हीच), की तापलेल्या टोकावर थोरियमचा अतिशय पातळ थर येऊन बसतो आणि हीच खोली २.६ च्या आसपास येते. फरक दिसायला लहान वाटतो. पण बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या या खोलीवर घातांकी पद्धतीनं अवलंबून असते. हा नियम मांडणाऱ्या ओवेन रिचर्डसन यांना १९२८ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या सूत्रात आकडे घालून पाहिले, तर त्याच तापमानाला थोरियमवाली काडी शुद्ध टंगस्टनपेक्षा शेकडो ते हजारो पट इलेक्ट्रॉन सोडते. म्हणजे तेवढाच अँपिअर कमी तापमानात मिळतो. टोक गळत नाही, टोकदार राहतं आणि आर्क पटकन लागते.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काडी निगेटिव्हला जोडली, की बाहेर पडणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन जाताना थोडी उष्णता घेऊन जातो. माठातून पाणी झिरपून उडून जातं आणि आतलं पाणी गार राहतं, तसंच हे. आर्कची साधारण दोन-तृतीयांश उष्णता जॉबवर पडते आणि काडी वाचते. तीच काडी चुकून पॉझिटिव्हला जोडली, तर इलेक्ट्रॉन उलटे येऊन टोकावर आदळतात आणि काही सेकंदांत टोकाचा गोळा होतो. नव्या मुलांना हे एकदा मुद्दाम करून दाखवावं.

आता दिव्याकडे. टंगस्टनची तार काढता येऊ लागली ती अमेरिकेत विल्यम कूलिज यांच्या प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस. दिव्यातली तार तापून तापून आतले स्फटिक वाढत, मग ती लोंबे आणि तुटे. ते स्फटिक आवरायला तिच्यात चिमूटभर थोरियम ऑक्साइड घालत. त्याच तारेतून इलेक्ट्रॉनही भरपूर निघतात, हे नंतर लक्षात आलं आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२३ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून रेडिओच्या व्हॉल्व्हना थोरियमवाल्या तारा मिळाल्या. टंगस्टनची काडी आणि भोवती हेलियम वायू अशी वेल्डिंगची पद्धत कॅलिफोर्नियात नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी बसवली. तिचं पेटंट १९४२ चं. पुढे या काडीतही तेच थोरियम आलं. म्हणजे आपल्या हातातली लाल काडी दिवा आणि रेडिओ यांची वारसदार आहे. तिला पर्याय नव्हता तोवर ती वापरणं बरोबरही होतं.

अडचण एकच, थोरियम किरणोत्सारी आहे. जुन्या लग्नांत आणि जत्रांत पेट्रोमॅक्सच्या बत्तीतलं जाळीचं मँटल असे, त्यातही थोरियम असायचं. २.४ मिलिमीटर जाडीची, १५० मिलिमीटर लांबीची काडी भरते साधारण १३ ग्रॅम. त्यात २ टक्के थोरियम ऑक्साइड धरलं, तर त्यातल्या थोरियमचे सेकंदाला सुमारे ९०० अणू फुटतात. हा आकडा वाचून डबी फेकून द्यायची गरज नाही. त्यातून निघणारे अल्फा कण कागदानंही अडतात, आपल्या कातडीनंही अडतात. काडी नुसती हाताळल्यानं होणारा धोका फारच कमी. धोका आहे तो घासताना उडणाऱ्या धुळीचा. ती श्वासातून फुप्फुसात गेली, की अडवायला कातडी नसते. आणि टोक तर दिवसातून कितीतरी वेळा घासावं लागतं, तेही बहुतेक ठिकाणी उघड्या बेंच ग्राइंडरवर, तोंडाला काही न बांधता. मला खटकतं ते हे. थोरियम-२३२ चं अर्धआयुष्य सुमारे १४०० कोटी वर्षांचं आहे. ग्राइंडरखाली साचलेली ती धूळ आपल्या नातवंडांच्या काळातही तशीच असणार.

पर्याय साधा आहे आणि त्याच दुकानात मिळतो. लँथेनम ऑक्साइडची काडी. १.५ टक्क्यांची सोनेरी टोकाची, २ टक्क्यांची निळ्या टोकाची. लँथेनमही टोकावर येऊन इलेक्ट्रॉनांची विहीर उथळ करतं, आर्क लवकर लागते आणि किरणोत्साराचा प्रश्न उरत नाही. आमच्याकडे गेली काही वर्षं निळीच चालते. लालच्या सवयीच्या कारागिराला पहिले दोन दिवस शंका वाटते, तिसऱ्या दिवशी तो विचारायचंही सोडतो. राखाडी टोकाची सीरियमची काडी कमी अँपिअरवर झकास, पण मोठ्या करंटवर तिच्या टोकातलं ऑक्साइड लवकर संपतं. पातळ नळ्यांचं काम करणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. हिरवं टोक म्हणजे शुद्ध टंगस्टन. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर एसीत, म्हणजे दिशा बदलणाऱ्या करंटवर, ॲल्युमिनियम जोडताना तिचं टोक गोल होतं आणि त्या कामाला तेच हवं असे. आता इन्व्हर्टर मशीन असेल, तर ॲल्युमिनियमलाही निळी किंवा सोनेरी उत्तम चालते. पांढऱ्या टोकाची झिर्कोनियमची काडी एसीसाठी अजूनही चांगली. जांभळ्या टोकाच्या काड्यांत दुर्मिळ मृदांचं मिश्रण असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून डबीवरचं लेबल वाचूनच घ्यावी.

डबी वाचायची सवय तशी सगळ्याच काड्यांसाठी लावून घ्या. रंग हा शेवटी रंगच, तो कुणीही लावू शकतो. डबीवर ऑक्साइडचं नाव, टक्केवारी, आयएसओ ६८४८ किंवा एडब्ल्यूएस ए५.१२ हे मानक आणि लॉट नंबर छापलेला असावा. नुसता रंग आणि मोघम नाव असेल तर मी घेत नाही. काडी हातात घेऊन प्रकाशात फिरवून पाहायची. पृष्ठभाग घासलेला, एकसारखा हवा, उभ्या चिरा नकोत. आणि टोक घासताना नेहमी बिनरंगाचं घासायचं. रंगाचं टोक आधी घासलं, की उरलेली काडी कशाची, ते कुणालाच सांगता येत नाही.

जाडीच्या बाबतीतही सवयच चालते. २ मिलिमीटरचा पत्रा ६०-७० अँपिअरवर जोडायचा तर १.६ ची काडी योग्य. तिथे २.४ लावली, की एवढ्या करंटला जाड टोक पुरतं तापत नाही आणि आर्क इकडेतिकडे भटकते. १५० अँपिअरच्या पुढे मात्र २.४ हवीच. टोकाची लांबी जाडीच्या दोन-अडीच पट ठेवायची आणि घासण्याच्या रेषा काडीच्या लांबीतून जायला हव्यात. आडव्या रेषा पडल्या, तर आर्क त्या खोबणींवर अडखळते.

या धातूची किंमत का चढते, हेही गिऱ्हाइकाला माहीत असावं. जगातलं टंगस्टन चार-पंचमांशाच्या आसपास चीनमधून येतं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. आपल्याकडे राजस्थानात देगाण्याला एकेकाळी खाण होती. नागपूर जिल्ह्यात कुही-आगरगाव पट्ट्यातही टंगस्टनचं खनिज आहे. पण उद्यमनगरातली काडी बाहेरूनच येते. त्यामुळे आखूड झालेला तुकडाही फेकू नये. टॉर्चच्या मागे लहान बॅक कॅप, म्हणजे टोपण, लावली, की तो अडचणीच्या जागी उपयोगी पडतो.

काडी चांगली घेऊनही टोक काळं-निळं पडत असेल, तर दोष बहुधा काडीभोवती सोडलेल्या आर्गन वायूचा. टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत टिकतं ते हवा नसताना. तापलेल्या टंगस्टनला ऑक्सिजन मिळाला, की त्याचं ऑक्साइड होऊन उडू लागतं आणि हा वायू सोडणाऱ्या नोझलच्या आत पिवळसर भुकटी बसते. ती दिसली, की समजायचं, हवा आत येते आहे. आर्गन हवेत १ टक्क्याहूनही कमी असतो, तोच वेगळा काढून सिलिंडरमध्ये भरतात. टिगसाठी तो निदान ९९.९९ टक्के शुद्ध हवा. मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतो. त्याहून जास्त सोडला तर वायू नोझलबाहेर घुसळतो आणि हवा आत ओढतो. आर्क बंद केल्यावर दर १० अँपिअरला सुमारे १ सेकंद वायू चालू ठेवायचा. तेवढ्यात टोक निवतं.

आमच्याकडे एकदा घाईत आर्गनच्या जागी मिगचा, म्हणजे वितळणाऱ्या तारेच्या वेल्डिंगचा, मिश्र वायू जोडला गेला. दोन्ही सिलिंडर शेजारी उभे होते. पहिल्याच टाक्याला हिरवट धूर आला, टोक खाल्लं गेलं, आणि टाकीच्या तोंडाचा दोन हातांचा सांधा पुन्हा कापून करावा लागला. मिगच्या मिश्रणात कार्बन डायऑक्साइड असतो, आर्कमध्ये तो फुटून ऑक्सिजन सोडतो. तेव्हापासून दोन्ही सिलिंडर वेगवेगळ्या भिंतींना साखळीनं बांधलेले असतात.

फिलर वायरबद्दल थोडं तरी सांगायला हवं, कारण दुधाच्या टाकीचं आयुष्य तिच्यावर आहे. पत्रा ३०४ या प्रतीच्या स्टेनलेसचा असेल तर वायर ३०८ एल घ्यायची. ३०४ मध्ये क्रोमियम साधारण १८ आणि निकेल ८ टक्के, ३०८ मध्ये दोन्ही थोडे जास्त. त्यामुळे थिजताना सांध्यात थोडं फेराइट, म्हणजे पोलादाची एक वेगळी स्फटिकरचना, राहतं आणि तो गरम असताना तडकत नाही. 'एल' म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच. कार्बन जास्त असेल, तर सांध्याजवळच्या तापलेल्या पट्ट्यात तो क्रोमियमला धरून बसतो. तिथे गंजापासून वाचवणारं क्रोमियम उरत नाही आणि वर्षभरानं सांध्याच्या बाजूनं तांबूस रेघ उमटते. वायरच्या टोकावर नंबर ठोकलेला असतो. तो नसलेली सुटी वायर कितीही चकचकीत असली, तरी अन्नाच्या कामाला मी वापरत नाही.

लालचा शिल्लक साठा आमच्याकडे अजून थोडा आहे. तो वापरायचाच झाला, तर ग्राइंडरला धूळ ओढणारा पंखा जोडलेला असतो, घासणाऱ्याच्या तोंडावर मास्क असतो, आणि संध्याकाळी ग्राइंडरखालची भुकटी झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं टिपून झाकणाच्या डब्यात जाते. झाडलं तर ती पुन्हा हवेत उडते. हे काम आधी हाताखालच्या सर्वांत लहान मुलाकडे असायचं. आता तो ग्राइंडर मी स्वतः पुसतो.