हिराकस ते फेरस सल्फेट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, येणाऱ्या गोणीवर 'फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट' छापलेलं असलं, तरी बाजारात त्याला हिराकस म्हणतात. मोरचूद, नवसागर, सोरा ही नावंही तशीच: रंग, चव, उपयोग माहीत, पण आत काय ते नावात नाही. युरोपातही तोच गोंधळ होता. लोखंडाचं ते हिरवं व्हिट्रिऑल, तांब्याचं निळं.

१७८७ मध्ये ग्यितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघा रसायनशास्त्रज्ञांनी पॅरिसमध्ये नियम मांडला: घटक सांगेल ते नाव. ऑक्सिजन किती, ते नावाच्या शेपटीवरून ओळखायचं. सल्फ्युरिक ॲसिडचं सल्फेट, त्याहून कमी ऑक्सिजनच्या सल्फ्युरसचं सल्फाइट. ऑक्सिजनच नसेल तर आज आपण सल्फाइड म्हणतो. या शेपटीकडे दुर्लक्ष महागात पडतं. सोडियम सल्फाइटवर ॲसिड पडलं तर घसा धरणारा सल्फर डायऑक्साइड निघतो. सल्फाइडवर पडलं तर जीवघेणा हायड्रोजन सल्फाइड.

सूत्रं मागून आली. डाल्टन वर्तुळं काढायचा आणि पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू धरायचा. १८१३-१४ मध्ये बर्झेलियसने लॅटिन नावांची अक्षरं घेतली, म्हणून लोखंड 'एफई'. पण तो अणूंचे आकडे अक्षराच्या वर लिहायचा. खाली उतरवले लीबिगने, १८३४ मध्ये. आकडे नेमके किती, यावर एकमत व्हायला १८६० ची कार्ल्सरूहे परिषद आणि कानिझारोचा युक्तिवाद लागला.

शाळेतला तिरकस गुणाकार त्यानंतरचा. संयुजांची अदलाबदल करायची: ॲल्युमिनियम ३, सल्फेट २; म्हणून दोन ॲल्युमिनियम, तीन सल्फेट. सल्फेटचा कंस विसरला की ऑक्सिजनचे ४ आणि बाहेरचे ३ चिकटून ४३ होतात!

१९१९ मध्ये आल्फ्रेड श्टोकने धातूचा प्रभार रोमन अंकात सुचवला: फेरस म्हणजे दोन, फेरिक म्हणजे तीन.

गोणीवरचा 'हेप्टा' मात्र अजून नजरेतून सुटतो. सात पाण्यांसह रेणुभार २७८, कोरड्याचा १५२. हिशेब कोरड्यावर केला असेल तर १० किलोऐवजी १८.३ किलो टाकावं लागतं. प्लेटिंगच्या सांडपाण्यातलं सहा-संयुजी क्रोमियम तिनावर आणायचं काम फेरसचं. उघड्या गोणीवर तपकिरी पापुद्रा धरला तर तेवढ्याचं फेरिक झालेलं असतं. वजन भरतं, पण क्रोम सहावरून तिनावर उतरत नाही.