बेल्ट ड्राइव्ह की डायरेक्ट ड्राइव्ह? टर्नटेबल घेण्याआधी तानपुरा ऐका

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, घ्यायला दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. फरक आहे तो मोटर कुठे बसवली आहे याचा. बेल्टवाल्यात मोटर बाजूला असते आणि रबरी बेल्ट रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरवतो. मोटरची थरथर बरीचशी त्या रबरातच जिरते. डायरेक्टमध्ये थाळी थेट मोटरवरच बसलेली असते, त्यामुळे बटण दाबताच ती वेग पकडते आणि टिकवते. टेक्निक्सचं १९७२ सालचं एसएल-१२०० पुढे डीजे लोकांनी उचलून धरलं ते याच गुणामुळे.

पण तुम्हाला घरी बसून ऐकायचं आहे. मग कसोटी एकच, वेग स्थिर आहे का? ठेक्याच्या गाण्यात बारीक डळमळ लपून जाते, तानपुऱ्यात लपत नाही. लांबलेला षड्ज लहरल्यासारखा वाटला, तर थाळी एकसारखी फिरत नाही असं समजा. म्हणून येताना आलापाची एखादी एलपी सोबत आणा. शक्यतो दोन आणा, कारण कधी कधी दोष रेकॉर्डच्या बरोबर मध्यावर नसलेल्या भोकाचाही असतो.

आमचं स्पष्ट मत सांगतो. संध्याकाळी निवांत एलपी ऐकायच्या असतील तर मध्यम किमतीचं बेल्टवालं घ्या. अगदी स्वस्तातल्या डायरेक्टच्या वाटेला जाऊ नका. मोटर थाळीखालीच असल्यामुळे ती हलक्या प्रतीची असली तर तिची घरघर सुईपर्यंत पोहोचते. मुंबईच्या दमट हवेत बेल्ट सैल पडतो, हे मात्र खरं. दर काही वर्षांनी तो बदलावा लागेल, पण ते काम घरच्या घरी होतं. चांगलं डायरेक्ट वर्षानुवर्षं काही मागत नाही. मात्र जुन्या मॉडेलचं सर्किट गेलं तर सुटे भाग मिळवताना दमछाक होते. चोरबाजारातून जुनं घेणार असाल तर ते आधी चालवून बघा.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या मशीनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. थेट एसी मोटरवर चालणारं बेल्टचं मशीन इथे मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे घेतं, आणि पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारी गायिका खालच्या पांढरी चारमध्ये ऐकू येते! त्यावर ५० हर्ट्‌झची पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारं मोटरवरचं चाक, बसवावी लागते. अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला किंवा क्वार्ट्झ स्फटिकाने वेग सांभाळणाऱ्या डायरेक्टला ही अडचण नाही.

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या घरात असतील, तर मशीनला मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग आहे का ते आधी विचारा. साध्या बेल्टच्या मॉडेलांत तो बहुधा नसतो. शिवाय त्यांची सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीची सुई त्यांवर लावू नका, ती खराब होईल.

गिरगावातल्या जुन्या चाळींत लाकडी जमिनीवर कुणी चाललं तरी सुई उडते. तिथे बेल्ट-डायरेक्टचा वाद बाजूला ठेवा आणि आधी भिंतीत पक्का ब्रॅकेट ठोकून घ्या.

घरच्या मशीनचा वेग तपासायला थाळीच्या कडेवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई ठेवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर १०० भरले पाहिजेत. कमी-जास्त भरले तर मशीन घेऊन या, आपण मिळून पुन्हा मोजू.