राष्ट्रकुलाची गोवा बैठक आणि ग्रेनेडा हस्तक्षेप (१९८३)

राष्ट्रकुलाची गोवा बैठक : नवी दिल्ली येथे नोव्हेंबर १९८३ मध्ये भरलेल्या राष्ट्रकुल शासनप्रमुखांच्या परिषदेचा अनौपचारिक टप्पा. तो बार्देश तालुक्यात सिकेरी येथे, आग्वाद किल्ल्याच्या परिसरात पार पडला. आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयीचा ‘गोवा जाहीरनामा’ याच बैठकीत संमत झाला. परिषदेच्या जेमतेम महिनाभर आधी कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा या राष्ट्रकुलाच्याच सभासद देशात लष्करी सत्तापालट झाला होता आणि त्यापाठोपाठ अमेरिकेने शेजारी बेटांना सोबत घेऊन तेथे सैन्य उतरवले होते. सत्तापालटानंतर शेजाऱ्यांनी शस्त्रे घेऊन आत शिरावे काय, हा प्रश्न त्यामुळे दिल्लीत आणि गोव्यात टाळता येण्याजोगा नव्हता.

गोव्यात या परिषदेची आठवण मुख्यतः रस्त्याच्या रूपाने उरली आहे. पर्वरीहून सांगोल्डा, साळगावमार्गे कळंगुटच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लोक आजही ‘चोगम रोड’ म्हणतात. परिषदेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. सिकेरीच्या टेकडीवर पाहुण्यांसाठी बांधलेल्या बंगल्यांचे पुढे आलिशान हॉटेल झाले. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, किल्ल्याच्या खालच्या भागात तेव्हा मध्यवर्ती तुरुंग होता. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या मुक्तिलढ्यातले सत्याग्रही तेथे डांबले जात. गोवा त्या वेळी दमण व दीव यांच्यासह केंद्रशासित प्रदेश होता आणि मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे.

ग्रेनेडातील घटनाक्रम

ग्रेनेडा हा सुमारे ३४४ चौ. किमी. क्षेत्रफळाचा, लाखाच्या आसपास वस्तीचा देश. म्हणजे सत्तरी तालुक्यापेक्षाही लहान. जायफळ हे तेथील मुख्य पीक, इतके की देशाच्या झेंड्यावरही जायफळ आहे. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी तो ब्रिटनपासून स्वतंत्र झाला, पण राष्ट्रप्रमुखपद ब्रिटनच्या राणीकडेच राहिले आणि तिच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहू लागला. १३ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान एरिक गेरी परदेशी असताना मॉरिस बिशप यांच्या ‘न्यू ज्यूएल मूव्हमेंट’ या डाव्या पक्षाने सत्ता बळकावली. राज्यघटना गुंडाळून ठेवण्यात आली आणि क्युबाशी दोस्ती जुळली.

महासत्तांच्या नजरेत हे बेट भरले ते पॉइंट सलीन्स येथील विमानतळामुळे. क्युबाचे कामगार तेथे लांब धावपट्टी बांधत होते. मार्च १९८३ मधील दूरदर्शन भाषणात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तिचे हवाई छायाचित्र दाखवले आणि वायुदल नसलेल्या देशाला १०,००० फुटांची धावपट्टी कशासाठी हवी, असा सवाल केला. पर्यटकांची मोठी विमाने उतरावीत म्हणून, हे ग्रेनेडाचे उत्तर. कामात एक ब्रिटिश कंपनीही सहभागी होती, हे या वादात सहसा सांगितले जात नाही. नौदलाच्या ताब्यातल्या दाबोळी विमानतळावर प्रवासी विमाने चढता-उतरताना पाहणाऱ्या गोमंतकीयाला दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, हे वेगळे समजावून द्यायला नको.

ऑक्टोबर १९८३ मध्ये बिशप यांच्या पक्षातच फूट पडली. उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड यांच्या गटाने बिशप यांना नजरकैदेत टाकले. १९ ऑक्टोबरला जमावाने त्यांना सोडवून फोर्ट रुपर्ट या किल्ल्यात नेले. तासाभरात चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला, आणि बिशप यांच्यासह शिक्षणमंत्री जॅकलीन क्रेफ्ट व इतर सहकाऱ्यांना किल्ल्याच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. सत्ता जनरल हडसन ऑस्टिन यांच्या लष्करी मंडळाकडे गेली. अहोरात्र संचारबंदी पुकारण्यात आली. घराबाहेर दिसेल त्याला गोळी घालू, असा हुकूम होता. डाव्यांनीच डाव्या पुढाऱ्याला मारले, त्यामुळे या मंडळाच्या बाजूने उभे राहणारे जगात फारसे कोणी उरले नाही. खुद्द क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांनी या हत्यांचा निषेध केला.

२१ ऑक्टोबरला पूर्व कॅरिबियन राज्यांच्या संघटनेची बैठक झाली. अध्यक्षस्थानी डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजीनिया चार्ल्स होत्या. संघटनेने अमेरिका, बार्बाडोस व जमेका यांच्याकडे लष्करी मदत मागितली. २५ ऑक्टोबरच्या पहाटे अमेरिकन सैन्य उतरले. पुढे त्याची संख्या सुमारे सात हजारांवर गेली. कॅरिबियन देशांचे जवान आणि पोलीस मिळून तीनशेच्या घरात होते. ‘प्रादेशिक’ हे विशेषण लावताना हे प्रमाण ध्यानात ठेवावे. सैनिकांकडे धड नकाशेही नव्हते. पर्यटकांसाठी छापलेल्या नकाशांवर काहींनी भागवले. एका मनोरुग्णालयावर चुकून बॉम्ब पडून तेथील रुग्ण मेले. अमेरिकेचे १९ सैनिक कामी आले; क्युबाचे पंचवीसेक आणि ग्रेनेडाचे त्याहून अधिक लोक मारले गेले. काही दिवसांतच प्रतिकार संपला.

अमेरिकेने तीन कारणे पुढे केली : बेटावरील वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या सुमारे सहाशे अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता, शेजारी देशांची विनंती आणि गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांचे पत्र. पहिले कारण भावनेला हात घालणारे, दुसरे राजकीय. कायद्याच्या कसोटीवर तिसरेच महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत डळमळीत. पत्रावर २४ ऑक्टोबरची तारीख आहे. ते मागाहून तयार केले गेले, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. आपण तोंडी विनंती आधीच केली होती, असे स्कून सांगत राहिले. संघटनेच्या तहाचीही तीच गत. त्यातील संरक्षणाचे कलम बाहेरून होणाऱ्या आक्रमणासाठी होते आणि निर्णय एकमताने व्हावा, अशी अट होती. ग्रेनेडा स्वतः त्या संघटनेचा सभासद होता. शिवाय येथे आक्रमण बाहेरून नव्हे, घरातूनच झाले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव ११ विरुद्ध १ अशा मतांनी अडला. ते एक मत अमेरिकेचे, म्हणजे नकाराधिकाराचे. ब्रिटन तटस्थ राहिले. २ नोव्हेंबरला आमसभेने हस्तक्षेपाबद्दल तीव्र खेद व्यक्त करणारा ठराव १०८ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. २७ देश तटस्थ होते. भारत ठरावाच्या बाजूने होता. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरून अध्यक्षपद इंदिरा गांधींकडे आले होते. वेगळी भूमिका घेणे त्यांना शक्यही नव्हते.

दिल्लीतून गोव्याकडे

२३ नोव्हेंबरला परिषद सुरू झाली तेव्हा एकाच सभागृहात सैन्य पाठवणारे आणि त्यांना दूषणे देणारे असे दोन्ही पक्ष बसले होते. जमेका, बार्बाडोस, डॉमिनिका एकीकडे. आफ्रिकेतील बहुतेक देश दुसरीकडे. खुद्द कॅरिबियन देशांत एकी नव्हती. त्रिनिदाद व टोबॅगो आणि गयाना यांचा हस्तक्षेपाला विरोध होता. राष्ट्रकुलाचे महासचिव श्रीदत्त रामफळ हे मूळचे गयानाचेच. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची अडचण निराळी. ज्या देशाची प्रमुख आपली राणी, तेथे आपल्या जवळच्या मित्राने आपला सल्ला डावलून सैन्य घातले, याचा त्यांना संताप होता. पण अमेरिकेशी तोडून चालण्यासारखे नव्हते. आणखी एक जखम ताजी होती. १५ नोव्हेंबरला सायप्रस या दुसऱ्या सभासद देशाच्या उत्तर भागाने स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते. त्या प्रकरणाचे मूळही १९७४ च्या सत्तापालटात आणि पाच दिवसांनी झालेल्या तुर्की हस्तक्षेपात होते.

अशा वेळी आठवड्याच्या मध्यावर सगळ्यांना राजधानीबाहेर नेऊन, अधिकाऱ्यांचा लवाजमा दूर ठेवून मोकळेपणी बोलू द्यायचे, ही राष्ट्रकुलाची रीत १९७३ पासूनची. कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी ती पाडली होती. गोव्यातही ते होते. अण्वस्त्रधारी महासत्तांमध्ये पुन्हा संवाद सुरू व्हावा म्हणून ते तेव्हा देशोदेशी फिरत होते आणि गोवा जाहीरनाम्याने त्यांच्या प्रयत्नांना पाठबळ दिले.

जाहीरनाम्याचा भर महासत्तांमधील हरवलेल्या विश्वासावर आणि अण्वस्त्रस्पर्धेवर आहे. त्यातच छोट्या राष्ट्रांविषयी एक परिच्छेद येतो : बाहेरचा हल्ला आणि ढवळाढवळ यांपुढे ही राष्ट्रे दुबळी ठरतात, त्यांच्या प्रादेशिक अखंडतेची काळजी वाहणे ही जगाची निदान नैतिक जबाबदारी आहे, आणि या विषयाचा तातडीने अभ्यास करावा, असे ठरले. ग्रेनेडाचे नाव त्या परिच्छेदात नाही. ते आले परिषदेच्या अंतिम निवेदनात, आणि तेथेही सूर असा की आता दोषारोप पुरेत, पुनर्उभारणीकडे लक्ष द्यावे. यजमान म्हणून इंदिरा गांधींना परिषद फुटू द्यायची नव्हती, हे उघड आहे. मात्र या शहाणपणाची किंमत अशी की हस्तक्षेप बरोबर होता की चूक, यावर राष्ट्रकुलाने शेवटपर्यंत निवाडा दिला नाही. ठरलेला अभ्यास झाला; सल्लागार गटाचा अहवाल १९८५ मध्ये आला.

ग्रेनेडात डिसेंबर १९८४ मध्ये निवडणूक होऊन हर्बर्ट ब्लेझ पंतप्रधान झाले. वादग्रस्त विमानतळ अमेरिकेच्या मदतीने पुरा झाला आणि २००९ मध्ये त्याला मॉरिस बिशप यांचे नाव देण्यात आले.

गोव्याचा स्वतःचा दाखला

जेथे हा जाहीरनामा झाला ती भूमी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच सुरक्षा परिषदेच्या पटावर होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव मांडला. सात मते मिळूनही सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. पोर्तुगाल अमेरिकेच्या ‘नाटो’ या लष्करी आघाडीचा सभासद होता आणि त्याच्या अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता. दोन्ही घटना एका मापाने मोजता येत नाहीत. गोव्यात सत्तापालट झाला नव्हता. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता हटवायची होती, आणि गोमंतकीय मराठी माणूस ‘मुक्ती’ म्हणतो तो याच अर्थाने. परंतु नकाराधिकार कोणाचा आणि कोणासाठी, एवढेच पाहिले तर १९६१ व १९८३ ही एकमेकांची उलटी प्रतिबिंबे आहेत. योगायोग असा की पोर्तुगालने गोव्याचे विलीनीकरण मान्य केले तेही एका सत्तापालटामुळे : २५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि त्या वर्षअखेरीस भारताशी तह झाला.

इतर प्रसंग

गोमंतकीयांना अशा सत्तापालटाची झळ सर्वांत जवळून लागली ती युगांडात. १९७१ मध्ये लष्करी बंड करून आलेल्या इदी अमीनने पुढच्या वर्षी आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले. सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलेली गोमंतकीय कुटुंबेही त्यांत होती. एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाच्या सैन्याने कंपाला घेऊन अमीनला पळवून लावले, तेव्हा आफ्रिकी ऐक्य संघटनेत कुरकुर झाली. महासत्ता मात्र फारशा हलल्या नाहीत.

मालदीवमध्ये तर कोणीच हरकत घेतली नाही. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी भाडोत्री सैनिकांनी मालेवर चाल केली. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी स्वतः मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले. बंडखोर ‘प्रोग्रेस लाइट’ या जहाजातून ओलीस घेऊन पळाले. नौदलाच्या टेहळणी विमानांनी जहाज शोधले आणि ‘गोदावरी’ व ‘बेतवा’ या युद्धनौकांनी ते अडवले. लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानांचा नौदलाचा तळ त्या काळी दाबोळीला होता. अमेरिका आणि ब्रिटनने या कारवाईचे स्वागत केले. विनंती करणारा सत्तेवर जिवंत होता आणि बेटावर दुसऱ्या महासत्तेचा डाव नव्हता, या दोन गोष्टींनी ग्रेनेडाचा सगळा वाद येथे उद्‌भवूच दिला नाही.

नायजरमध्ये २६ जुलै २०२३ च्या सत्तापालटानंतर पश्चिम आफ्रिकी राज्यांच्या आर्थिक संघटनेने सत्ता परत सोपवायला आठवड्याची मुदत देऊन लष्करी कारवाईची धमकी दिली. मुदत टळली, सैन्य हलले नाही. माली व बुर्किना फासो येथील लष्करी राजवटी नायजरच्या पाठीशी उभ्या राहिल्या, फ्रेंच फौजा त्याच वर्षी परतल्या आणि पुढच्या वर्षी रशियाचे लष्करी प्रशिक्षक आले. तिन्ही देशांनी आपली वेगळी आघाडी केली व जानेवारी २०२५ मध्ये ते त्या संघटनेतून रीतसर बाहेर पडले.